किल्लारीत झोपेत गेलेले भित्रे होते का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, कमेंट शेवटपर्यंत नीट वाचली. तुम्ही म्हणलात, "संकटात कोणत्या स्वभावाची माणसं वाचतात हे सांगायलात, मग किल्लारीत झोपेत गेले ते काय भित्रे होते का, सगळं नशिबाचं असतंय, उगं मोटिवेशनल लिहू नका." तुमचा राग कळतो, पण तसं मी कुठंच म्हणलेलं नाही ओ.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं दमून झोपलेली, भूकंप झाला आणि दगड-मातीच्या रुंद भिंती अन् वरचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या छताचा, सगळा भार अंगावर आला. तिथं स्वभावाला काम करायला एक क्षणसुद्धा मिळाला नाही. त्यांच्यात धीर कमी होता असं कोणी म्हणलं तर मीच त्याच्याशी भांडीन.

मी बोलायलोय ते ज्यांना थोडातरी वेळ मिळतो त्यांच्याबद्दल. आणि माझं म्हणणं तर उलटंच आहे, की तिथं छातीठोक माणूस नाही, वेळेवर घाबरणारा माणूस वाचतो.

मण्यार सापाचंच घ्या. सोयाबीनची बनीम (गंजी) राखायला माणूस आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, खाली अंथरूण टाकून झोपतो, रात्री मण्यार चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. उठून बसतो, काहीतरी चावलं वाटतं, बॅटरी मारून बघतो, काही दिसत नाही, परत झोपतो. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड, जीभ जड, घोट गिळवंना, आणि शेवटी श्वासच थांबतो. ह्याच्यात वाचतो कोण, तर जो "काही नसंल तर नसंल" म्हणून रात्री दोनला शेजाऱ्याला उठवतो, गाडी काढायला लावतो आणि सरळ सरकारी दवाखाना गाठतो. लोक हसतील, उगं बोभाटा केला म्हणतील, ह्याची त्याला लाज वाटत नाही. हाच तो गुण, दुसरं काही नाही.

२००४ च्या त्सुनामीत टिली स्मिथ नावाची १० वर्षांची इंग्लंडची पोरगी थायलंडला फुकेतच्या किनाऱ्यावर होती. शाळेत भूगोलात नुकतंच शिकलेली, समुद्राला फेस आलेला बघून ओरडायला लागली, आईला आधी पटंना, तरी पोरगी गप्प बसली नाही. किनारा रिकामा केला आणि तिथं कोणी दगावलं नाही. तिला माहिती होती हे खरं, पण माहिती असून गप्प बसणारे कमी असतात का?

आणि आपल्याकडं दर पावसाळ्यात पुलावरून पाणी चाललेलं असताना मोटारसायकल घालणारे, ते काय भित्रे असतात? मागं चार जण बघायलेत म्हणून गाडी वळवायची लाज वाटते, आणि गुडघाभर वाहतं पाणी गाडी आडवी करतं. जो माघारी फिरला त्याला गावात कोणी शूर म्हणत नाही, पण तो घरी जेवायला असतो.

राहिलं नशीब. दवाखाना जवळ असणं, गाडी मिळणं, हे नशीबच आहे, मान्य. पण "सगळं" नशिबाचं म्हणलं की मातीत रचलेल्या दगडी भिंतीला, बुटक्या पुलाला, सापाची लस संपलेल्या दवाखान्याला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तो शब्द मला पटत नाही. किल्लारीत माणसं मारली ती भिंतींनी, हे तुम्हीआम्ही मिळूनच बोलायला पाहिजे.

पोस्ट काढणार नाही. मण्यारीचा भाग तेवढा वेगळा करून टाकतो, गावच्या ग्रुपवर फिरवा, काढणी चालूय आणि लोकं आखाड्यावर खालीच झोपायलेत.