सर्वांत जुनी इमारत उरते कशी?

गावातली सर्वांत जुनी इमारत कोणती, असं विचारलं की लोक एखादं देऊळ, चर्च, मशीद नाहीतर वेस दाखवतात आणि एक साल सांगतात. साल कळलं की विषय संपतो. मला पुढचं विचारावंसं वाटतं. तिच्या बरोबरीच्या बाकी सगळ्या इमारती गेल्या, मग हीच कशी राहिली?

पुष्कळ ठिकाणी याचं कारण म्हणजे ती कधी फार काळ ओस पडली नाही. रोमचं पँथिऑन हे देऊळ सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालं. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, आणि आजही ते चर्चच आहे. (दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिप्पा या हेड्रियनच्या आधीच्या रोमन सेनापतीचं कोरलेलं आहे. त्याने तिथे बांधलेली आधीची इमारत केव्हाच गेली. म्हणून नुसता शिलालेख वाचून वय ठरवू नये.) आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर बघा. विटांचं, गजपृष्ठाकृती म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर छपराचं. अनेक अभ्यासक ते मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, होतं असं मानतात. पूजा बदलली, पुढे मंडप जोडला गेला, पण वास्तू राबती राहिली. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात तर रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सतराशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यात लोक आजही संसार करतात. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या त्या सम्राटाच्या समाधीचंच पुढे कॅथेड्रल झालं.

ओस पडलेली इमारत म्हणजे फुकटची दगडखाण. कोलोसियमचे दगड असेच शेकडो वर्षं रोममधल्या दुसऱ्या बांधकामांना गेले.

पण हल्ली मला पडझडीपेक्षा डागडुजीची जास्त भीती वाटते. जुन्या भिंतीचे सांधे चुन्याचे असतात. चुना दगडापेक्षा मऊ, आणि भिंतीत मुरलेलं पाणी त्याच्या वाटे हळूहळू सुकून जातं. आपण हौसेने सिमेंटने दरजा भरतो आणि पाण्याची ती वाट बुजवतो. मग ओल दगडातून नाहीतर विटेतून बाहेर यायला बघते. सोबत क्षार येतात, पृष्ठभागाच्या जरा आत त्यांचे स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. अशी भिंत जवळ जाऊन बघा. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या असतात आणि मधला दगड झिजून आत गेलेला असतो. हात फिरवला तर भुकटी हाताला लागते. वरून ऑइलपेंट दिला असेल तर हे सगळं आत चालू राहतं आणि दिसतसुद्धा नाही.

चांगल्या हेतूने, जाणकारांच्या हातूनही असं घडतं. मूळ ग्रीक कारागिरांनी अथेन्समधल्या पार्थेनन या प्राचीन देवळाचे संगमरवरी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते, पण त्यावर शिसं ओतून लोखंडापर्यंत पाणी पोचू दिलं नव्हतं. १८९८ नंतरच्या दुरुस्तीत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने शिशाशिवाय लोखंड वापरलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवराला तडे गेले. पुढे १९८० च्या दशकात तिथे ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम सुरू झालं. एका पिढीने केलेली दुरुस्ती निस्तरायला पुढच्या पिढ्या लागल्या.

म्हणून जीर्णोद्धाराचं नाव काढलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: माल कोणता? जुन्या चुन्याचा तुकडा तपासून घेतलाय का? चुन्यात काम केलेला गवंडी आहे का? वर्गणी जमवणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण एवढी चौकशी झाल्याशिवाय कामाला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने उशीर झाला तरी चालेल. तोवर छपरावरचं पाणी नीट वाहून जाईल आणि भेगांमधली पिंपळाची रोपं वाढणार नाहीत, एवढं बघितलं तरी बरंच साधतं.

तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या वास्तूत सध्या काय चालतं आणि तिची शेवटची दुरुस्ती कशाने केली, ते खाली लिहा. फोटो टाकलात तर कळसाबरोबर सांध्यांचाही टाका, जवळून काढलेला.