ड्रमसेट शे ना भो!

"ड्रमसेट शे ना भो, तू फक्त काड्या लई ये!" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासारख्या ड्रमरला फोनवर म्हटलं ना, तर त्याच काड्या... जाऊ द्या.

भुसावळच्या अलीकडे, हायवेवरच्या परमिट रूममधला कार्यक्रम. सेट कुणाचा? मालकाच्या मेहुण्याच्या मित्राचा. गणपतीनंतर थेट केळीच्या क्रेटखालून काढलेला. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या मुख्य छोट्या ड्रमवर, चिकटपट्टी, तीही सुटलेली. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी; तिचा क्लच, वरची झांज दांडीला धरून ठेवणारा चाप, गायब. म्हणजे वरची झांज खालचीवर नुसती पडून. पेडल दाबा नाहीतर नाचा, उघडेल तर शपथ! बास ड्रमखाली सतरंजी नाही. गुळगुळीत फरशीवर दर ठोक्याला तो इंचभर पुढे, मी त्याच्या मागे. तिसऱ्या गाण्याला आम्ही दोघं गायकाच्या पाठीत! शेवटी पुढे वीट लावली. वीट! आणि बसायला हातवाली प्लास्टिकची खुर्ची. तीत बसून टॉम नावाच्या ड्रमपर्यंत कोपर नेऊन दाखवा कुणी.

गिटारवाल्याला कधी म्हणता का, "गिटार इथलीच घे, दोन तारा कमी आहेत, चालवून घे"?

आणि एवढं होऊन वर गल्ल्यावरून मालक: "आज ठेका जरा ढिला वाटला भो."

आणि पैसे? "आधी शेवभाजी तर खा!"