क्लिपखाली कुणाचं नाव होतं?

आज पहाटे गोव्यातल्या साळ गावच्या मावशीचा फोन. आवाज थरथरत होता. रात्री कुठल्याशा ग्रुपवर क्लिप आली, ‘तिळारी धरण फुटलं, नदीकाठच्यांनी लगेच बाहेर पडा.’ क्लिपमधली घरं सगळी गच्चीची, मागे एक माड नाही. आपल्याकडचं नव्हेच ते! पण पंचाहत्तरीच्या बाईला मध्यरात्री हे कसं सुचावं? तिने घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गोठ्यातली गाय सोडली आणि उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिली.

क्लिप बनवणाऱ्यापेक्षा मला ती पुढे ढकलणाऱ्या आपल्या शिकलेल्या माणसांचा जास्त राग येतो. ‘खात्री नाही, पण सांगून ठेवतो’ म्हणे. खात्री नाही तर गप्प बसा ना! २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारीचं पाणी सोडलं तेव्हा साळमध्ये पूर आला होता. मावशीने तो पाहिलाय. ती घाबरणारच.

आमचे बाबा पेपरच्या तळाची बारीक ओळ दाखवायचे. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. कायद्याने ही नावं छापावीच लागतात. बातमी खोटी निघाली तर कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं. मावशीच्या क्लिपवर काय होतं? ‘अनेक वेळा फॉरवर्ड केले’. बस्स.

गोव्यातली काही दैनिकं खाणमालकांनी काढली, खाणींची बातमी दोनदा तपासून वाचावी लागते, मान्य. म्हणून दोन पेपर घ्या. पण धरण फुटल्याची थाप नाव छापून कोणी मारत नाही.

आणि पावसासाठी ग्रुप हवाच कशाला? पणजीत आल्तिनोवर हवामान खात्याचं कार्यालय आहे, पिवळा, नारिंगी, लाल इशारा तिथून निघतो. आकाशवाणी पणजीवर तो ऐकता येतो. धरणाच्या पाण्याचं जलस्रोत खात्याला नाहीतर मामलेदार कचेरीत विचारा.

गाय शेजारच्या भाटात, माडांच्या बागेत, सापडली. मावशी मात्र दिवसभर जेवली नाही.

आखातात, लंडनला असलेल्या आपल्या पोरांनो, तुम्ही काळजीपोटीच पाठवता, मला कळतं. आई-बाबा इथे, तुम्ही तिथे, पावसाचं काही ऐकलं की जीव वरखाली होतो. पण क्लिप ढकलण्याआधी घरी एक फोन लावा. घरचे उचलत नसतील तर शेजाऱ्याला लावा, पंचायतीतल्या आपल्या वॉर्डाच्या पंचाला लावा. तो नदीवर जाऊन पाणी बघून सांगेल.