आईचं बीपी, ठोंब्या आणि बेलफास्टच्या वेल्स बाई

परवा दादाने फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड टाकला. कुत्रा पाळा, बीपी पळवा. खाली मावशीचे चार हार्ट आणि काकांचा हात जोडलेला इमोजी. तीन वर्षांपूर्वी ह्याच फॉरवर्डच्या जोरावर आमच्याकडे ठोंब्या आला होता, म्हणून म्हटलं आज जरा सविस्तरच लिहावं. दादा, रागावू नकोस.

बाबा गेले आणि आई एकटी पडली. नाशिकचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मी दिवसभर ऑफिसात, घरात ती आणि टीव्ही. बीपीची गोळी आधीपासून चालू होतीच. दादाने बंगलोरहून फर्मान काढलं की आईला कुत्रा आणून दे, त्याच्यावर रिसर्च झालाय (फर्मान काढणारे कायम बाहेरगावीच असतात, पट्टा आपल्या हातात येतो). मग एका पावसात कॉलनीच्या गेटापाशी कुडकुडणारं एक पिल्लू घरी आलं, पोटात जंत, कानात गोचीड, अन् पहिल्याच रात्री बाबांच्या खुर्चीखाली जाऊन झोपलं.

आता तीन वर्षांचा हिशोब सांगते. आई बीपी एका वहीत लिहिते, तारीख, वेळ, वरचं, खालचं, सगळं. त्या वहीत ठोंब्या येण्याआधीची आणि नंतरची पानं शेजारी शेजारी ठेवली तर तुम्हाला काही म्हणजे काही फरक दिसणार नाही, उलट मागच्या वर्षी डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. पण आईला विचाराल तर ती छातीठोकपणे सांगेल, "ठोंब्या आल्यापासून माझी तब्येत सुधारली." वही दाखवली की म्हणते तुझं मशीनच बिघडलंय.

मला ही आमच्या घरातलीच गंमत वाटायची. मग वाचता वाचता डेबोरा वेल्स सापडल्या. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकवतात, आणि माणूस आणि प्राणी ह्याच विषयावर वर्षानुवर्षं काम करतायत. २००९ मध्ये त्यांचा एक अभ्यास आला, क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्या लोकांवर, म्हणजे ज्यांचा थकवा महिनोन्महिने जातच नाही असे पेशंट. प्राणी पाळणारे आणि न पाळणारे, दोघांच्या शरीराच्या आणि मनाच्या तब्येतीची प्रश्नावल्या देऊन तुलना केली, तर दखल घ्यावी असा फरकच निघाला नाही. पण पाळणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात की आमच्या जनावराचा आम्हाला फार आधार आहे! मी वाचून एकटीच हसत बसले. आमची आई आणि तिची वही, थेट बेलफास्टला.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे फॉरवर्डवाले कुत्र्याला गोळी समजतात, तिथे सगळी गडबड होते. मुळात ही हवा कुठून आली तर १९८० च्या एका अमेरिकन अभ्यासातून. एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे ९२ पेशंट वर्षभर पाहिले. घरी प्राणी असलेले ५३, त्यातले ३ गेले, प्राणी नसलेले ३९, त्यातले ११ गेले. आकडा ऐकला की कोणीही हादरेल. त्यांनी आजार किती गंभीर होता हेही हिशोबात धरलं होतं, सगळं मान्य, पण ९२ माणसं म्हणजे आमच्या कुळातल्या लग्नाची एक पंगत हो. पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात गॉर्डन पार्कर वगैरेंनी तसंच काहीसं करून पाहिलं तर निकाल उलटा, प्राणी पाळणारेच वर्षभरात जास्त दगावले किंवा परत ॲडमिट झाले, त्यात मांजरवाले पुढे. हे कधी आलं का तुमच्या ग्रुपवर? नाही येणार. २०११ मध्ये हॅरॉल्ड हर्झॉग ह्या सायकॉलॉजीच्याच प्रोफेसरांनी सगळं चाळून स्पष्ट लिहिलं की प्राणी पाळल्याने तब्येत सुधारते ही गोष्ट अजून सिद्ध झालेली नाही. गडी मांजरद्वेष्टा वगैरे अजिबात नाही, त्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा मांजर होतं.

मुलांचंही तेच. कॅलिफोर्नियात ५ हजारांवर मुलांची माहिती तपासली, २०१७ ची गोष्ट. आधी वाटलं प्राणी असलेल्या घरातली मुलं जास्त निरोगी, मग घरची कमाई, घर कसं आहे वगैरे धरून हिशोब केला तर तो फायदा पुसलाच गेला. म्हणजे ज्यांच्याकडे अंगण आणि पैसा, त्यांच्याकडे कुत्रा. हे सांगायला आमच्या कामवाल्या मावशीही पुरल्या असत्या.

पण थांबा, एवढ्यावर कुत्र्यांना मोडीत काढू नका, कारण वेल्स बाईंचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग वेगळाच आहे, २००४ चा. एक बाई रस्त्यावर. कधी एकटी, कधी लॅब्राडोरचं पिल्लू घेऊन, कधी मोठा लॅब्राडोर, कधी उग्र दिसणारा रॉटवायलर कुत्रा, कधी टेडी बेअर आणि कधी चक्क कुंडीतलं झाड घेऊन! येणारेजाणारे १८०० लोक मोजले, कोण बघतं, कोण हसतं, कोण थांबून बोलतं. एकटी असताना किंवा टेडी नाहीतर कुंडी हातात असताना हसणारे, बोलणारे लोक फारच थोडे. लॅब्राडोर असला की हसायचे, बोलायचे, आणि पिल्लू असलं तर विचारूच नका. रॉटवायलरवर मात्र तेवढी कृपा नाही.

हे मात्र मी रोज डोळ्यांनी बघते. बाबा होते तेव्हा आईला कॉलनीत लोक "देशपांडे काकांच्या मिसेस" म्हणून ओळखायचे. पंचवीस वर्षं. आता ती ठोंब्याची आजी आहे. सकाळी साडेसहाला खाली उतरते तर दूधवाला थांबतो, इस्त्रीवाला थांबतो, बी विंगमधला तो कोणाशीच न बोलणारा मुलगा खाली बसून ठोंब्याचे कान खाजवतो आणि आईला आपल्या इंटरव्ह्यूचं सांगतो. मागच्या महिन्यात एक बाई "तुमच्या कुत्र्याला लस दिलीय ना?" म्हणून भांडायला आल्या, आईने लसीकरणाचं कार्ड दाखवलं, आता त्या बाई आणि आई मिळून कुरडया घालतात. वहीत ह्याला रकाना नाही. वरचं, खालचं, एवढेच रकाने आहेत.

आणि कुत्रा फुकट येत नाही हेही ऐका. मागच्या जुलैत पेव्हर ब्लॉकवर शेवाळ होतं, ठोंब्याला मांजर दिसलं, पट्ट्याला हिसका आणि आई हातावर पडली. मनगट सुजलं, एक्सरे काढला, फ्रॅक्चर नव्हतं म्हणून वाचलो. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या लोकांची पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेली फ्रॅक्चर मोजलीत, २००४ मध्ये अंदाजे १६७१ आणि २०१७ मध्ये ४३९६. शिवाय गोचीड ताप झाला तेव्हाचे व्हेटचे फेरे, दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली थरथरणारा जीव, आणि "गावाला जायचंय तर ह्याला कोण सांभाळणार" हा दर मे महिन्यातला प्रश्न. त्यालाही पोट आहे, भीती आहे, म्हातारपण आहे. आपल्या आईचं बीपी उतरवायला तो जन्माला आलेला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं, तर मावशीने लगेच पर्सनलवर विचारलं की मग सासूबाईंसाठी गोल्डन रिट्रीव्हर आणू का नको, त्यांना एकटं एकटं वाटतं. मी विचारलं, जुलैच्या पावसात सकाळी सहाला खाली कोण नेणार, सासूबाई का तू? ब्लू टिक आलीय, उत्तर अजून नाही.

दादा, तू विचारलंस म्हणून सांगते, आजचं आईचं बीपी १४८ वर ९०. आत्ता घरी नाहीये ती, ठोंब्याला घेऊन खाली गेलीय, तासभर झाला.