सासरेबुवा & सन्स

सासरेबुवांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या नावात शेवटी '& सन्स' आहे. सन्सपैकी थोरला कॅनडात, धाकटा बंगलोरला, गल्ल्यावर बसते माझी बायको आणि कागदपत्रांची हमाली जावयाकडे. म्हणजे सन्स नाहीतच, पण तो & आहे ना, तो एकटा सगळ्यांना पुरून उरलाय.

पॅनकार्डावर & आहे, जीएसटीच्या सर्टिफिकेटवर ए-एन-डी आहे. बँकेच्या ऑनलाइन फॉर्मात & टाकला की लाल अक्षरात 'स्पेशल कॅरेक्टर चालणार नाही', बरं ए-एन-डी टाकावं तर 'नाव पॅनशी जुळत नाही', मग माणसाने टाकायचं तरी काय? शाखेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टीम घेत नाही." सिस्टीमने एकदा घेतलं नाही की विषय संपला, तिच्यापुढे कुणाचं चाललंय. अर्ज द्या म्हणाल्या. अर्जात & चालला, कारण तो पेनाने लिहायचा होता.

यात सिस्टीमचंही अगदीच चुकत नाही म्हणा. वेबपेजच्या कोडमध्ये & दिसला की कॉम्प्युटर समजतो पुढे काहीतरी खास चिन्ह येतंय, म्हणून नुसता & दाखवायचा असेल तर त्याच्यापुढे 'एएमपी' आणि एक सेमीकोलन लावावा लागतो. हे काम एका सॉफ्टवेअरने केलं आणि दुसऱ्यानेही इमानदारीत तेच पुन्हा केलं की ते एएमपी थेट गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर येतं. आमच्याकडे आलंच. सासरेबुवांनी मेसेज दोन्ही हातांनी लांब धरून वाचला आणि विचारलं, "जावईबापू, हा एएमपी कोण? पार्टनर घेतलात तर मला सांगायचं तरी."

आणि याच चिन्हावर डिझायनर लोक जीव टाकतात! माझी भाची ग्राफिक डिझायनर आहे, तिच्या टी-शर्टवर & आहे, मगवर & आहे. तिचं म्हणणं, हे मुळात लॅटिनमधलं 'एत', ई आणि टी एकमेकांत गुंतलेले, इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहराच्या भिंतींवर पहिल्या शतकात कुणी तरी खरडलेलं सापडलंय. (भिंती रंगवायची हौस जुनीच दिसते.) यान चिकोल्ड नावाच्या टायपोग्राफरने तर शेकडो & गोळा केले आणि १९५३ साली त्यांच्यावर पुस्तिकाच काढली. तिने मला बास्करव्हिल फॉन्टचा इटालिक & मोठा करून दाखवला, खरंच देखणा आहे, असा झोकात वळलाय की लग्नपत्रिकेवर वर-वधूपेक्षा तोच मोठा का छापतात ते कळलं. ट्रेबुशे फॉन्टमध्ये तर ई आणि टी सरळ ओळखू येतात. मी म्हटलं, छान आहे, आता हे बँकेतल्या मॅडमना दाखव.

पाटीचं वेगळंच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. जुन्या पाटीवर पेंटरने काढलेला & म्हणजे इंग्रजी आठ काढता काढता चहा आला असावा असा होता, त्यामुळे ती उतरवायचं मला काही दुःख नव्हतं. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर जुना मराठी फॉन्ट. त्यात शिफ्ट धरून सात दाबलं की & उमटतच नाही, कारण त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो म्हणाला, "काका, 'आणि' टाकू का?" सासरेबुवा गाडीतूनच ओरडले, "आणि नाही! रजिस्ट्रेशनला & आहे!" मग त्याने फॉन्ट बदलून एक & आणला आणि तो मधोमध असा बसवला की पाटी लांबून बघणारा आधी तोच वाचतो.

मागच्या आठवड्यात बँकेचं नवं चेकबुक आलं. त्यावर & नाही, ए-एन-डी नाही, एएमपीपण नाही. नुसतं आडनाव, मोकळी जागा आणि सन्स.

सासरेबुवांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे आता नुसते सन्सच? दुकान काढलं मी, आणि मलाच काढलं?" म्हणाले, आणि रबरी शिक्का, शाईचा पॅड, पॅनकार्डाची झेरॉक्स पिशवीत टाकून स्वतःच बँकेत निघाले. मला म्हणाले, "तुम्ही राहू द्या, तुम्हाला सिस्टीमशी बोलता येत नाही."