येलाचिच नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता

१८४८च्या युरोपीय क्रांत्यांवर सोशल मीडियावर जे काही फिरतं, त्यात योसिप येलाचिचचा निकाल दोन-तीन वाक्यांत लावलेला असतो. व्हिएन्नातल्या हॅब्सबर्ग सम्राटाच्या दरबाराने एक आज्ञाधारक सेनापती हंगेरीच्या राजमुकुटाखाली असलेल्या क्रोएशियाच्या डोक्यावर बसवला, त्याच्या हातून हंगेरीची क्रांती चिरडून घेतली आणि क्रोएशियाच्या पदरात काहीच पडलं नाही, असा तो दावा. त्यात काही अंशी तथ्य आहे, म्हणूनच तो लगेच पटतो. पण एकेक विधान तारखांशी ताडून पाहिलं की बरंच काही गळून पडतं.

आधी ‘दरबाराने लादलेला माणूस’. येलाचिच १८०१ साली पेत्रोवारादिनच्या किल्ल्यात जन्मला. वडील बॅरन आणि लष्करात मोठ्या हुद्द्यावर, स्वतःचं शिक्षण व्हिएन्नाच्या तेरेझियानम या उमराव मुलांच्या शाळेत. १८४८च्या सुरुवातीला तो ग्लिना इथे ऑटोमन साम्राज्यालगतच्या सरहद्दीच्या रेजिमेंटचा कर्नल होता. दरबारात वजन असलेल्या बॅरन फ्रान्यो कुल्मर या क्रोएशियन उमरावाच्या शिफारशीवरून सम्राटाने २३ मार्चला त्याला बान, म्हणजे क्रोएशियाचा सर्वोच्च प्रशासक नेमलं. इथवर दावा बरोबर आहे. पण २५ मार्चला झाग्रेबमध्ये मोठी राष्ट्रीय सभा भरली. नेमणुकीची बातमी तिथे अजून पोचलेली नव्हती. सभेने ३० मागण्या मंजूर केल्या आणि त्यातली पहिलीच होती, येलाचिच आम्हाला बान म्हणून हवा. दरबाराने नेमलेला आणि लोकांनी मागितलेला माणूस एकच निघाला, हे सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही. एप्रिलमध्ये त्याने कुळांची वेठबिगारी संपल्याचं जाहीर केलं. तसा कायदा हंगेरीच्या संसदेने आधीच केला होता, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देता येत नाही. पण साबोर या विधिमंडळासाठी निवडणुकीचे नियम त्याने स्वतःच्या अधिकारात काढले आणि तोवर सरदार-धर्मगुरूंची असलेली ती सभा निवडून आलेल्या प्रतिनिधींची केली. ५ जूनला तिच्यासमोर त्याने शपथ घेतली. झाग्रेबचे कॅथलिक बिशप शहरात नव्हते, म्हणून या कॅथलिक उमरावाला शपथ दिली ती सर्बांचे ऑर्थोडॉक्स धर्मगुरू योसिफ रायाचिच यांनी. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

‘आज्ञाधारक’ हा शब्द तर जून महिन्यापुढे टिकतच नाही. हंगेरीचे पंतप्रधान बात्यानी यांच्या सरकारच्या आग्रहावरून सम्राट फर्डिनांडने १० जूनला फर्मान काढून त्याची सगळी पदं काढून घेतली. तेव्हा सम्राट व्हिएन्ना सोडून इन्सब्रुकला होता आणि येलाचिच त्याला भेटायला तिकडेच निघालेला. बडतर्फीची बातमी त्याला परतीच्या वाटेवर कळली. तरी तो झाग्रेबला आला आणि बान म्हणूनच काम करत राहिला. साबोरने जुलैमध्ये स्थगित होताना त्याला विशेष अधिकारही दिले. फर्मान मागे घेतलं गेलं ते ४ सप्टेंबरला. म्हणजे जवळजवळ तीन महिने तो सम्राटाच्या लेखी आदेशाविरुद्ध खुर्चीत होता. दरबारातले काही जण आतून त्याच्या बाजूचे होते, हे खरं. पण दरबाराची हवा फिरली असती, तर तो राजद्रोहात अडकला असता.

‘क्रांती चिरडली’ हा आरोप मात्र दोन भागांत बघायला हवा. व्हिएन्नाच्या बाबतीत तो खरा आहे. ऑक्टोबरमध्ये बंडखोर राजधानीला वेढा घालण्यात येलाचिच सामील होता आणि ३० तारखेला श्वेखाटजवळ तिच्या मदतीला येणाऱ्या हंगेरियन फौजेला त्याने परतवलं. त्याआधी मार्चमधल्या राष्ट्रीय सभेने इटलीतलं बंड मोडायला सम्राटाकडून लढणारे क्रोएशियन सैनिक घरी आणा म्हटलं होतं, त्याने त्यांना तिथेच राहायला सांगितलं. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. हंगेरीचं तसं नाही. ११ सप्टेंबरला तो द्रावा नदी ओलांडून हंगेरीत गेला खरा, पण त्याचे बरेच चांगले शिपाई इटलीत अडकलेले होते. २९ तारखेला पाकोझ्दला जनरल मोगाच्या फौजेने त्याला अडवलं आणि हंगेरीची राजधानी पेस्टकडे जायचं सोडून तो व्हिएन्नाकडे वळला. १८४९च्या जुलैत हेग्येशला तो हरला. हंगेरीचं कंबरडं मोडलं ते सम्राटाच्या मदतीला आलेल्या रशियन झारच्या प्रचंड सैन्याने आणि १३ ऑगस्टला विलागोशला हंगेरियन सैन्याने शस्त्रं ठेवली तीही रशियनांपुढेच. शिवाय हंगेरीच्या क्रांतीने स्वतःसाठी मागितलेलं स्वातंत्र्य क्रोएट, सर्ब, स्लोव्हाक यांना द्यायला नकार दिला होता. त्या मजकुरांत हे कुठेच नसतं, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते हेच.

राहिलं ‘पदरात काहीच पडलं नाही’. वेठबिगारी परत आली नाही. १८४९च्या राज्यघटनेने क्रोएशिया हंगेरीपासून वेगळा केला. १८५२ साली झाग्रेबला स्वतःचा आर्चबिशप मिळाला, त्यामुळे तिथलं चर्च हंगेरीच्या अधिकाराबाहेर आलं. पण १८५१च्या अखेरीस व्हिएन्नाने घटनाच मोडीत काढली, कारभार जर्मनमध्ये सुरू झाला आणि साबोर भरेनासा झाला. येलाचिच बानपदावर राहिला, १८५४ साली काउंटही झाला, पण सत्ता व्हिएन्नाच्या हातात गेली होती आणि ती परत मिळवण्याइतकं वजन त्याच्याकडे उरलं नव्हतं. टीका करायचीच तर या वर्षांवर करावी. १८५९च्या मे महिन्यात तो वारला. साबोर पुन्हा भरला १८६१ साली.