दळण गव्हावर टाका

वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत करताना मी दर वेळी नवं कारण देतो. ही कारणं आमच्या ग्रंथपाल बाईंना इतकी आवडत गेली की यंदा २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाच्या यादीत त्यांनी परस्पर माझं नाव टाकलं. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, गावातल्या लिहित्या मंडळींनी आपलं काहीतरी वाचून दाखवायचं, असा तो कार्यक्रम.

"तुम्ही लिहिता, मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

चोरी पकडली गेल्यासारखा माझा चेहरा झाला. कारण मी खरंच लिहितो. तीस वर्षं लिहितोय आणि तीस वर्षं लपवतोय. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, त्या नदीनं तेराव्या दिवशी कोरड्या परत दिल्याची कथा आहे. माझ्या वह्या तेरा पावसाळे माळ्यावर पडून होत्या. त्यांना नदीपर्यंत जायची वेळच आली नाही, आधीच कसर लागली. एका वहीत तर कसरीनं प्रत्येक कवितेच्या नेमक्या शेवटच्या दोन ओळी खाल्ल्यात. खरं सांगायचं तर कविता सुधारल्यात.

एकदाच, तरुणपणी, एका दिवाळी अंकाला लेख पाठवला होता. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सोबत तिकीट लावलेला स्वतःच्या पत्त्याचा लिफाफा. पंधरा दिवसांनी पोस्टमन दारात उभा. "साहेब, अगदी तुमच्यासारखं अक्षर आहे बघा कुणाचं तरी," असं म्हणून त्यानं माझाच लिफाफा माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून मी पोस्टमनच्या नजरेला नजर देत नाही.

आता वाचायचं काय? माझं आयुष्य सरकारी कचेरीत टिपणी लिहिण्यात गेलं. लेख लिहायला बसलो की पहिलं वाक्य उतरतं ते "उपरोक्त विषयास अनुसरून". प्रेमकविताही लिहायला घेतली होती एकदा, तर तिच्या तळाशी "पुढील आदेशार्थ सविनय सादर" असं आपोआप उमटलं. बायकोनं ती कपाट आवरताना वाचली आणि पेन्सिलीनं खाली लिहिलं, "पाहिले."

तर विषय असा हवा की ज्याची कचेरीत कधी फाइल निघाली नाही. असा एकच होता. दर रविवारी डबा घेऊन मी जिथे जातो ती गिरणी. तिथला तो पट्ट्याचा आवाज, गरम पिठाचा वास, रांगेतले डबे आणि डब्यांत खोचलेल्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक बाईचं तेच एक वाक्य, "अण्णा, दळण गव्हावर टाका हं, ज्वारीवर नको." (आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात राहतंच. म्हणजे आपल्या पोळीत शेजाऱ्याची भाकरी मिसळते, आणि शेजारधर्म इतक्या थरापर्यंत पाळायला कोणी तयार नसतं.) लिहीत गेलो. चक्क जमत गेलं. गिरणीवाल्या अण्णांवर तर दोन वाक्यं अशी उतरली की मीच खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. पहिलं, "अण्णांच्या भुवयांवर पीठ साचलेलं असतं, शिंकले की तेवढ्यापुरते ते तरुण दिसतात." दुसरं, "काट्यावर डबा ठेवताना त्यांचा अंगठाही दळणाच्या हिशोबात येतो, अशी वदंता आहे."

रात्री अडीचला जाग आली ती त्या अंगठ्यानंच.

पुढचे आठ दिवस विचारू नका. आधी शुद्धलेखनाची धास्ती. मराठी लेखनाचे चौदा नियम १९६२ साली ठरले, आणि त्या वेळच्या लोकांनी ते घरी मुलांना का शिकवले नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही. 'सुरुवात'मधला 'रु' पहिला की दुसरा, इथेच माझ्या लेखाची सुरुवात अडली. दोन रात्री कोश उघडून बसलो. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, "अहो, तुम्ही वाचून दाखवणार ना? मग ऱ्हस्व-दीर्घ कुणाला दिसणारेय?"

तिलाच लेख वाचून दाखवला. ती शेंगा सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे. रविवारी दळण आठवणीनं न्या."

या असल्या अभिप्रायानं माणूस खचतो. मग मी ओव्यांच्या आधाराला गेलो. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बायकांनी रचलेल्या. त्यांना ना व्यासपीठ, ना शाल-नारळ, आणि सासूबद्दलचं मत सासू पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना गाऊन मोकळ्या. आणि मी? विजेच्या गिरणीवर तीन पानं लिहून आठ दिवस आम्लपित्ताची गोळी घेतोय. अर्थात त्यांचं एक बरं होतं. जात्याची घरघर असायची. मला वाचनालयात माइक देणार होते.

खरी भीती अण्णांचीच होती. ते आले तर? मी मनात ठरवूनच टाकलं, अण्णा दिसले तर अंगठा गाळायचा, भुवया ठेवायच्या. अगदीच पहिल्या रांगेत दिसले तर भुवयाही गाळून सरळ पिठाच्या वासावर जायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठावरून सगळी खुर्ची न् खुर्ची तपासली. तीसेक माणसं होती. माझ्या आधी एका निवृत्त शिक्षकांनी नर्मदा परिक्रमेची सव्वीस पानं वाचली, त्यामुळे माझं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बहुतेक सुटकेच्या. अण्णा नव्हते. पुन्हा पाहिलं. कुठेच पीठ नव्हतं. मग मात्र मला असा काही चेव आला की अंगठ्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर अंगठा दाखवून. लोक हसले हो! मागच्या खिडकीतला चहावालाही हसला. हसला नाही तो फक्त दुसऱ्या रांगेतला एक गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा सदरा, हाताची घडी. प्रत्येक सभेत एक असा असतोच आणि वाचणाऱ्याला नेमका तेवढाच दिसतो. उरलेला लेख मी त्याच्यासाठी वाचला. तो जागचा हलला नाही.

चहाच्या वेळी तोच कप घेऊन जवळ आला.

"चांगलं वाचलंत. ते अंगठ्याचं तुम्ही स्वतः पाहिलंय का कुणाकडनं ऐकलंय?"

समीक्षक! माझ्या पहिल्यावहिल्या लेखाला समीक्षक मिळाला होता. मी चहाचा घोट घेतला आणि आयुष्यात कधी न काढलेल्या आवाजात म्हणालो, "साहित्यात पाहिलेलं आणि ऐकलेलं असा भेद करता येत नाही."

"असं होय," तो म्हणाला. थोडा वेळ त्यानं माझ्याकडे पाहिलं, कप ठेवला आणि गेला. आवाज ओळखीचा वाटला, पण पट्ट्याच्या घरघरीशिवाय तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

त्या रविवारी मी अजून हवेतच होतो, त्यामुळे दळण टाकायला आणि आणायला धाकट्याला पाठवलं. संध्याकाळी ताटात पोळी पडली ती तपकिरी. मला वाटलं करपली. दुसरीही तपकिरी, तिसरीही.

"नाचणीवर टाकलंय मेल्यानं," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "इतक्या वर्षांत असं कधी नाही झालं. आणि ही चिठ्ठी कसली हो डब्यात?"

चिठ्ठीवर पेन्सिलीनं, ठळक अक्षरात लिहिलं होतं, "गहू ५ किलो. अंगठा धरलेला नाही."

तिच्या हातातली चिठ्ठी मी उजेडात धरून पुन्हा वाचली. मग डोळे मिटून दुसऱ्या रांगेतला तो गृहस्थ आठवला आणि मनातल्या मनात त्याच्या काळ्याभोर भुवयांवर थोडं पीठ भुरभुरून पाहिलं.